अपेक्षित पाहुणे: सहा

गुरुवारी दुपारी बांगड्याचं कालवण ताटात निवत चाललं होतं आणि सलिल भाकरीचा तुकडा हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. वाशीच्या ऑफिसातून काहीतरी आलंय हे पद्माताईंनी तेव्हाच ओळखलं.

"काय झालं रे?"

"काही नाही."

सलिलकडून याहून जास्त माहिती कधी निघत नसे. लहानपणी आंब्यावरून पडून हात मोडला होता, तेव्हाही घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता. शेवटी त्याच्या बायकोनं, आश्लेषानंच, खुलासा केला.

"आई, उद्या दुपारी त्याला भावेशसरांना काम दाखवायचंय. पसंत पडलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून घरून काम बंद, वाशीला जाऊन राहायचं."

लग्न झाल्यापासून सलिल आणि आश्लेषा नागावला घरीच होते. आश्लेषाची नोकरी अलिबागच्या शाळेत, ती सोडून ती कुठे जाणार? म्हणजे हा तिकडे कुणाच्या तरी खोलीत कॉट भाड्यानं घेऊन राहणार, डब्याचं जेवणार आणि शनिवारी सुकलेलं तोंड घेऊन घरी येणार. ते तोंड पद्माताईंना आत्ताच दिसायला लागलं.

"पण दाखवायचंय काय एवढं?" दादांनी विचारलं. दादा म्हणजे पद्माताईंचे यजमान. अलिबागच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले होते, पण बोलण्यातून कोर्ट अजून निवृत्त झालं नव्हतं.

सलिलची कंपनी समुद्रकाठच्या घरगुती खोल्यांचं बुकिंग करून देणारं ॲप चालवायची. ऑफिसात कुणीही त्या ॲपला हात लावला, की ते आपोआप स्वतःची परीक्षा घ्यायचं. पाहुण्यांची नोंद होते का, जेवण बरोबर लिहिलं जातं का, अशा शेकडो बारीक बारीक चाचण्या. घोळ एवढाच होता, की एखादी चाचणी फसली की पडद्यावर लाल फुली यायची आणि पुढे 'नापास'. का नापास, कुठे नापास, याचा पत्ता नाही. मग सगळे जण दिवसभर ते शोधत बसायचे. सलिलच्या टीमची प्रमुख रुचिता वैतागून म्हणाली होती, की चाचणीनं काय हवं होतं आणि काय मिळालं हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. ते काम सलिलच्या गळ्यात पडलं होतं. ज्याच्या तोंडून स्वतःच्या मोडलेल्या हाताची बातमी निघाली नाही, त्याला यंत्राला बोलतं करायचं होतं.

"आणि तो नापास शब्द काढून टाक," आश्लेषानं मास्तरकी केली. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, त्या शब्दानं पोरं खचतात. अपेक्षित काय होतं आणि प्रत्यक्षात काय आलं, एवढंच लिहायचं."

सलिलला ते पटलं. त्यानं 'नापास' काढला आणि साध्या मराठीत खुलासे लिहिले. चाचणीसाठी एखादं नमुन्याचं घर लागतं. त्यानं डोळ्यांसमोर होतं तेच घातलं, म्हणजे स्वतःचं घर आणि त्यातली अंगणाकडची खोली. शिवाय चाचणी फसली की तो खुलासा ज्याचं काम असेल त्याच्या फोनवर आणि पडद्यावरही जावा, अशीही सोय करायला घेतली. फोनवर तो कसा दिसतो हे बघायला तो संध्याकाळी स्वयंपाकघरात आला.

"आई, तुझा नंबर घालू का जरा? माझ्या फोनवर ऑफिसचे एवढे मेसेज येतात, की त्यात हा सापडायचा नाही."

"घाल की," पद्माताई म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष खवणीवर होतं.

मेसेज आला, सलिलनं वाचला, समाधानानं मान डोलावली, पुसून टाकला आणि निघून गेला. नंबर मात्र जिथे घातला होता तिथेच राहिला. पडद्यावर खुलासा दाखवायचं कामही मग जोडू म्हणून राहून गेलं आणि सलिलच्या डोक्यातून निसटलं. पद्माताई तर खोबरं वाटायला घेईपर्यंत सगळं विसरूनही गेल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी सलिल अंगणाकडच्या खोलीत शिरला आणि दारावर 'कृपया दार वाजवू नये' असा कागद लावून त्यानं कानांना हेडफोन चढवले. ही खोली मूळची पाहुण्यांची. पद्माताई ती त्याच ॲपवरून पर्यटकांना देत असत. पण मागच्या मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं, पद्माताईंच्या हातचे मोदक मागून मागून खाल्ले आणि घरी जाऊन ॲपवर लिहिलं, 'खोली की सुपारीचं गोदाम?' वर दोनच तारे. खोलीत दोन पोती सुपारी आणि एक शिडी होती हे खरं, पण मोदकांचा एकही तारा नाही? तेव्हापासून पाहुणा फिरकला नव्हता. पद्माताईंनी ते दोन तारे मनाला लावून घेतले होते. कुणी विषय काढला तर त्यांना अजूनही घास उतरत नसे.

त्यामुळे सकाळी फोन वाजला आणि त्यांनी चष्मा लावून मेसेज वाचला, तेव्हा त्या ताडकन उठल्या.

"अंगणाकडची खोली. अपेक्षित पाहुणे: सहा. प्रत्यक्षात: शून्य."

"अहो! सहा जण येतायत!"

दादांनी पेपर खाली ठेवला. "कुठे लिहिलंय येतायत म्हणून?"

"अपेक्षित सहा, आलेत शून्य. म्हणजे वाटेत आहेत. मांडव्याला बोटीतून उतरले असतील, नाहीतर वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असतील. सलिलला सांगू का?"

दोघांनी बंद दाराकडे बघितलं. दारावरचा कागद वाऱ्यानं फडफडत होता.

"नको," पद्माताई म्हणाल्या. "आज त्याच्या डोक्याला हा ताप नको. त्याचं त्याला करू दे. पाहुण्यांचं मी बघते."

त्यांनी पदर खोचला आणि कामाला येणाऱ्या मनुबाईला कुंपणावरून हाक मारली. दादांना मासळी आणायला पिटाळलं. दादा बांगडे आणि कोलंबी घेऊन आले, मनुबाई भाकऱ्यांचं पीठ चाळायला बसली. बांगड्यांना हळद-मीठ लावून होतं न होतं तोच पुन्हा फोन वाजला.

"जेवण. अपेक्षित: शाकाहारी. प्रत्यक्षात: मांसाहारी."

पद्माताईंनी हातातला बांगडा तसाच खाली ठेवला. मग हळूच खिडकीबाहेर बघितलं. मग वर छताकडे.

"गो मनुबाई, यांना कळलं कसं?"

"काय कललं?"

"आपण बांगडे घेतलेत ते! अजून तव्यावर टाकलेसुद्धा नव्हते!"

मनुबाईनंही छताकडे बघितलं. "आता मोबाइलला वास पन येतं काय वो, ताई? तो फोन जरा लांब ठेवा चुलीपासून."

फोन देवघराशेजारी नेऊन ठेवण्यात आला. बांगडे आणि कोलंबी पातेल्यासकट मनुबाईच्या घरी रवाना झाली. शनिवारसाठी मोड आणलेले वाल तयार होते, त्यांचं बिरडं फोडणीला पडलं. केळफूल सोलायला दादांना बसवलं. "पक्षकारांनी आहाराबाबत आधी कळवायला हवं होतं," असं पुटपुटत दादा ते सोलत राहिले आणि त्यांची बोटं काळी होत गेली.

तिकडे वाशीला त्या दिवशी सगळं ऑफिस ॲपची डागडुजी करत होतं. त्यांनी हात लावला की चाचण्या चालायच्या, चाचण्या फसल्या की देवघराशेजारी फोन वाजायचा. सलिलच्या पडद्यावर मात्र काहीच येत नव्हतं. दुपारी पद्माताईंनी दार किलकिलं करून पोह्यांची बशी आत सरकवली, तेव्हा तो केस धरून बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. आज एकही बिघाड होत नाहीये. बिघाड झाला तर खुलासा येणार ना? सरांना दाखवू काय मी?"

"होईल हो बिघाड. देवाच्या मनात असेल तर नक्की होईल," पद्माताईंनी धीर दिला. एवढ्यात मागे पुन्हा फोन वाजला आणि त्या तशाच वळल्या.

"अंगणाकडची खोली. अपेक्षित: रिकामी. प्रत्यक्षात: भरलेली."

हा मेसेज पद्माताईंच्या वर्मी लागला. पुन्हा तेच! म्हणजे दोन तारे वाचूनच लोक येत होते आणि येण्याआधी बजावत होते. ती पोती अजूनही खोलीतच होती, शिडीही होती, वर मच्छरदाणीच्या दांड्या आणि गणपतीच्या मखराचं सामान येऊन पडलं होतं. त्यांनी मनुबाईच्या नवऱ्याला, तुकारामला बोलावलं. तो वाडीत नारळ पाडत होता, तसाच आला.

"आवाज न करता सगळं बाहेर काढायचं. सलिलला धक्का लागता कामा नये."

तुकाराम चवड्यांवर चालत आत गेला आणि एकेक वस्तू बाहेर आणू लागला. सलिलनं एकदा मान वळवून बघितलं. आईला आपली काळजी, कॅमेऱ्यात पोती दिसू नयेत म्हणून आवरतेय, असं त्याला वाटलं. पण बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यानं नुसता अंगठा वर केला. मुलाची संमती आहे असं पद्माताईंनी धरलं.

खोली मोकळी झाली. पद्माताई घाम पुसत ओट्यावर टेकल्या, तोच फोन वाजला.

"अंगणाकडची खोली. अपेक्षित: रिकामी. प्रत्यक्षात: भरलेली."

"आता काय राहिलंय आत?" पद्माताईंना रडू यायचं बाकी होतं.

"कपाट हाय," तुकाराम म्हणाला.

कपाट निघालं. पुन्हा तोच मेसेज. पंखा सोडून भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा निघालं. पुन्हा तोच मेसेज. आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक, नवाच.

"पाहुणे. अपेक्षित: सहा. प्रत्यक्षात: वजा एक."

"वजा एक म्हंजे?" मनुबाईनं तोंडाला पदर लावला. "कोन गेला काय त्यांच्यातला? बोट तर न्हाय ना बुडाली?"

"अभद्र बोलू नकोस गो!"

दादांनी काळ्या बोटांनी चष्मा वर सरकवला आणि दोन्ही मेसेज पुन्हा पुन्हा वाचले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांडणाची कागदपत्रं वाचलेला माणूस तो. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर निकाल उमटला.

"दोन्ही नोटिसा एकत्र वाचा. खोली रिकामी हवी आहे, आणि ती रिकामी नाही. पाहुणे तर अजून आलेच नाहीत, मग वजा कोणाला करायचं? खोलीत जो आहे त्याला. एक माणूस कमी करा, असं त्यांचं म्हणणं आहे."

सगळ्यांनी बंद दाराकडे बघितलं.

"सलिलला?" पद्माताई हळूच म्हणाल्या.

"ताबा त्याचाच आहे."

पद्माताईंची फार ओढाताण झाली. एकीकडे पोराची नोकरी, दुसरीकडे दारात येऊ घातलेले सहा पाहुणे आणि पुन्हा दोन तारे. शेवटी त्यांनी तोड काढली. पोराला उठवायचं नाही. तो ज्या टेबलाशी बसलाय, त्या टेबलासकट आणि खुर्चीसकट त्याला अलगद पडवीत न्यायचं. त्याचं काम तिथे चालू राहील आणि इथे खोली रिकामी होईल.

त्या आत शिरल्या तेव्हा चार वाजून गेले होते. सलिलच्या पडद्यावर भावेशसर, रुचिता आणि आणखी चार चेहरे होते. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्यानं हेडफोन काढून ठेवले होते. शर्टाची पाठ घामानं भिजली होती.

"सर, आता मी मुद्दाम खोलीच्या नोंदीत चूक करतो. लगेच कारण दिसेल."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर लाल फुली आली. पुढे काहीच नाही.

दाराशी पद्माताईंच्या हातात 'टुंग' वाजलं.

"सलिल, किधर है कारण?" भावेशसर म्हणाले. "मला तर फक्त फुली दिसते. ही फुली तर पहिल्यापासून होती ना यार."

"एक मिनिट, सर." सलिलनं पुन्हा दाबलं. दाराशी 'टुंग'. पुन्हा दाबलं. पुन्हा 'टुंग'. तेवढ्यात टेबल एकदम वीतभर वर उचललं गेलं. एका टोकाला तुकाराम होता, दुसऱ्या टोकाला दादा. पडद्यावर वाशीच्या मंडळींना आधी छत दिसलं, मग पंखा, मग दादांची बनियन.

"आई! काय चाललंय हे?"

"उठू नकोस, तू बसून राहा. हे बघ, परत आलाय त्यांचा निरोप," पद्माताई काकुळतीनं म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. "अंगणाकडची खोली. अपेक्षित: रिकामी. प्रत्यक्षात: भरलेली. सकाळपासून पाठीस लागलेत रे. पोती काढली, कपाट काढलं, आता तू तेवढा राहिलास."

सलिलचा चेहरा पांढरा पडला. गुरुवारची संध्याकाळ, खवणी आणि तो नंबर, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. संपलं, वाशी नक्की, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं आणि पद्माताईंना ते लख्ख वाचता आलं.

"टेबल खाली ठेवा," पडद्यातून भावेशसरांचा आवाज आला. "आंटी, जरा समोर या. हे मेसेज तुम्हाला येतात?"

पद्माताईंनी पदर सावरला आणि सकाळपासूनची सगळी हकिगत सांगितली. सहा पाहुणे, बांगड्यांचा वास, बिरडं, वजा एक, काही म्हणून सोडलं नाही. ऐकता ऐकता रुचितानं तोंडावर हात धरला. चार चेहऱ्यांपैकी दोन कॅमेऱ्यातून खाली गेले, ते बराच वेळ वर आले नाहीत. पोराचं वाटोळं झालंच आहे, तर मनातलं बोलून तरी घ्यावं, असं पद्माताईंना वाटलं.

"आणि खरं सांगू का, तुमच्या माणसांना लिहायची रीत नाही. खोली रिकामी करा म्हणता, पण आत काय आहे म्हणून ती भरलेली दिसते, ते सांगा ना! आम्ही पोत्यापासून कॅलेंडरपर्यंत सगळं काढत बसलो. आणि 'वजा एक' म्हणजे काय? माणसांना असं लिहितात? आमची मनुबाई रडायला लागली."

"रुचिता, लिहून घे," भावेशसर म्हणाले. "आत काय आहे ते पण दाखवायचं. आणि ते मायनस वन, तो तर मोठा बग आहे. तीन महिने कोणाला सापडला नाही." मग ते सलिलकडे वळले. "सलिल, नंबरची गडबड अजून कधी केलीस तर बघ. बाकी, माझ्या ऑफिसात कोणी मेसेज वाचून खुर्चीवरून उठत नाही. तुझ्या मेसेजनं अख्खं घर उचललं. अजून काय पाहिजे? वाशीला यायची गरज नाही तुला. तू तिथेच बस."

सलिलनं डोळे मिटले. दारात मनुबाईनं टाळी वाजवली. पद्माताईंना आनंद झाला, खूपच झाला. पण तो ओसरायच्या आत दुसरीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

"म्हणजे पाहुणे नाहीतच?"

"नाहीत गं आई. ती टेस्ट होती."

एवढी स्वच्छ खोली, एवढा स्वयंपाक, आणि बघायला कुणी नाही. दिवसभर धावपळ करताना त्यांना सहा जणांचे चेहरेसुद्धा दिसायला लागले होते. त्यांचे डोळे भरून आले. कॅमेरा चालू आहे हे त्या विसरल्या होत्या.

पडद्यावर कुजबुज झाली. मग भावेशसरांनी घसा खाकरला. "आंटी, बिरडं म्हणजे वालाचं ना? आम्ही इथे सहा जण आहोत. मी प्योर व्हेज. आत्ता निघालो तर जेवायला पोहोचतो."

आणि ते खरोखरच पोहोचले. बिरडं, केळफुलाची भाजी, भाकऱ्या, सोलकढी, सगळ्याचा फडशा पडला. ज्यांना चालत होतं त्यांच्यासाठी मनुबाईनं बांगडे परत आणले. खोलीतल्या ओळीनं घातलेल्या गाद्यांवर मंडळी झोपली. शनिवारी समुद्र झाला, रविवारी मोदक झाले. सहाही जणांनी ॲपवर पाच-पाच तारे दिले. पद्माताईंनी ते आश्लेषाकडून दोनदा मोजून घेतले आणि त्या दिवशी त्यांना घास अगदी नीट उतरला.

सोमवारी सकाळी मंडळी निघतील म्हणून सलिल निरोप द्यायला अंगणात आला. कुणीच निघालं नव्हतं. खोलीत गाद्यांवर सहा लॅपटॉप उघडले होते. रुचिता झोपाळ्यावर बसून फोनवर मीटिंग घेत होती. भावेशसर सुपारीच्या दोन झाडांना बांधलेल्या झोळीत पडून शहाळं पीत होते.

"सलिल, काय मस्त काम होतं यार इथे! दर महिन्याला एक आठवडा आम्ही इकडेच येणार. आंटींना विचारलं मी, त्या हो म्हणाल्या."

सलिलचं टेबल पडवीत होतं, सुपारीची पोती आणि शिडी यांच्या मध्ये. तासाभरात रुचितानं त्याला चार वेळा खोलीत बोलावलं, दोघांनी चार्जर मागितला, एकानं इंटरनेट हळू चालतंय म्हणून तक्रार केली आणि आईनं सगळ्यांना आंबोळ्या द्यायला त्यालाच उठवलं. घरी बसून काम करायला मिळावं म्हणून ज्यानं एवढा जीव काढला होता, त्याला घरात बसायला जागा उरली नव्हती.

तो उठला. बॅगेत लॅपटॉप टाकला, दोन शर्ट टाकले आणि झोळीपाशी जाऊन उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "वाशीच्या ऑफिसची चावी कोणाकडे आहे?"